पेरूची पहिली फोड

हळकुंडानं साहेबांच्या पायाचं बोट फोडलं तेव्हा माझी भाकरी तव्यावर होती आणि आक्का जेवायला बसल्या होत्या. बाहेरच्या सोप्यातून अशी किंकाळी आली की माझ्या हातातलं पीठ परातीत तसंच राहिलं. जाऊन बघते तर हळकुंड साहेबांच्या पिंजऱ्याला बाहेरून लटकलेला, पिसं फुगवलेली, मान खाली, चोचीला रक्त. आत साहेब एका पायावर उभे. आक्का उष्ट्या हातानंच धावत आल्या. मी हळकुंडाला पदरात गुंडाळून ओढून काढलं, तर त्यानं मलाच चावा घेतला. मला, जिच्या ओंजळीतनं तो लहानपणापासून दाणे खात आलाय.

हळकुंड म्हणजे माझा पोपट. परदेशी जातीचा, पिवळाधमक, डोक्यावर केशरी झाक. आमच्या ह्यांनी सांगलीच्या बाजारातनं आणला तेव्हा दुकानदारानं कसलंसं इंग्रजी नाव सांगितलं होतं, ते जयसिंगपूरला पोचेपर्यंत आम्ही विसरलो. रंग बघून मी हळकुंड म्हणाले आणि तेच चिकटलं. साहेब हा माझ्या नणंदेचा, सुमतीआक्कांचा पोपट. हिरवा, लाल शेपटीचा, वयानं मोठा पण अंगानं लहान. त्यांच्या यजमानांनी हौसेनं पाळलेला. यजमान गेल्यावर आक्का त्याला अहोजाहो करायला लागल्या, मग आम्हालाही करावं लागलं. "साहेबांनी पाणी घेतलं का?" असं पोपटाबद्दल विचारायची वेळ माझ्यावर आली होती.

रक्त थांबेना म्हणून आक्कांनी चिमूटभर हळद दाबून धरली. हळकुंडानं फोडलं आणि हळदीनं बांधलं, असं एरवी मीच म्हटलं असतं. त्या दिवशी कुणी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

आमचे हे दारात येऊन उभे राहिले. आवाज चढवणं ह्यांच्या स्वभावात नाही, म्हणून तर त्यांचं बोलणं जास्त लागतं.

"त्रिशला, आता पुरे झालं. रविवारी भूपाल यायचाय. त्याच्याबरोबर हा उदगावला जाईल."

भूपाल ह्यांचा चुलतभाऊ. उदगावला मळ्यात राहतो, माणूस गुणाचा, पण मळ्यात उंदरांसाठी म्हणून पाळलेली मांजरं इतकी की पायात येतात. तिथं माझा हळकुंड म्हणजे एक घास. मी म्हटलं, अहो, तो या घरात आधीपासून आहे. हे म्हणाले, आणि आक्कानं कुठं जायचं? आक्का साहेबांचा पाय धरून खाली मान घालून बसल्या होत्या. हो नाही की नको नाही. मला त्या न बोलण्याचाच जास्त राग आला.

तोवर भाकरी करपली होती. दुसरी थापून भाजेपर्यंत बाहेरचं ऊन गेलं आणि मी माझं ताट झाकलं. आम्ही जैन. आमच्या घरी दिवस मावळला की कुणी घास तोंडात घालत नाही, हा सासूबाईंच्या आधीपासून चालत आलेला नेम. उन्हाळ्यात काही वाटत नाही. पौषात मात्र दिवस कसा सरतो ते चुलीपुढच्या बाईलाच ठाऊक.

आक्का आल्या त्याच पौषात. निपाणीला मोठ्या घरात एकट्या राहून काय करतील म्हणून हे स्वतः जाऊन घेऊन आले. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. माहेरवाशीण ती, तिचा मान ठेवायचा हे मला कुणी शिकवायला नको. खोली त्यांना आमची दिली, पाठीला बरं पडतं म्हणून गादी आमची दिली. पश्चिमेच्या खिडकीत संध्याकाळी छान ऊन येतं, तिथं हळकुंडाचा पिंजरा असायचा. तो काढून हे म्हणाले, साहेब पाहुणे आहेत, त्यांना ऊन मिळू दे. हळकुंड गेला कोठीच्या दाराशी, तांदळाच्या डब्यांपाशी. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी मनात म्हटलं आणि पिंजरा उचलून दिला.

खरं सांगते, मी जळले. का जळू नये? दुकानातनं आले की हे पहिल्यांदा हाक मारायचे ती आक्काला. पेरू आणला तर पहिली फोड आक्काला, मग साहेबांना. मग उरलं तर हळकुंड, आणि मी कुठंच नाही. रात्री बहीणभावाच्या लहानपणच्या गप्पा चालायच्या, त्यात माझा संबंधच नव्हता. मी घरात आले तेव्हा ज्या माणसांना मरून वर्षं झाली होती त्यांच्या आठवणी काढून दोघं हसायचे. आणि आक्कांचं जेवण म्हणजे सावकाश कारभार. दात हललेले, त्यामुळं भाकरी तव्यावरची मऊच लागायची. हे म्हणायचे, आक्काला गरम वाढ, तिला होऊ दे आधी. म्हणून मी एकेक थापायची, एकेक वाढायची. त्यांचं आणि ह्यांचं होईपर्यंत खिडकीतलं ऊन भिंतीवरनं निघून जायचं. महिन्यातले कितीतरी दिवस मी दुपारच्या जेवणावर काढले. बोलले नाही. बोलून दाखवलं असतं तर आलेल्या माणसाला घास मोजतेय असं झालं असतं, आणि ते माझ्या आईनंसुद्धा ऐकून घेतलं नसतं.

हळकुंडाला मात्र असली लाजलज्जा नव्हती. त्याला जे वाटायचं ते तो करायचा. साहेबांना फोड दिली की पिंजऱ्याच्या सळ्या चोचीनं वाजवायचा. आक्का साहेबांशी बोलायला लागल्या की असा कलकलाट करायचा की शेजारच्या मगदूमवहिनी भिंतीवर थाप मारायच्या. मग छातीची पिसं उपटायला लागला, पोटावर रुपयाएवढी जागा उघडी पडली. आणि शेवटी त्या दिवशी त्यानं बोट फोडलं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, सांगलीला पक्ष्यांची डॉक्टरीण आहे, तिच्याकडं न्यायचं. काही औषध असेल, थेंब असतील, रविवारच्या आत निवळला तर निवळला. पिंजऱ्यावर कापड टाकलं तर आक्का पायात चपला घालून तयार. म्हणाल्या, साहेबांचा पाय दाखवायचाय. मनात म्हटलं, झालं, तिथंही या आधी. रिक्षात दोघी दोन पिंजरे मांडीवर घेऊन बसलो.

डॉक्टरीण तरुण होती, बोलायला फटकळ. साहेबांचा पाय बघितला, हळद बघून भुवया चढवल्या, मलम लावलं आणि म्हणाली, हे भरून येईल. मग हळकुंडाकडं वळली. तो तिच्याकडं बुबुळं लहानमोठी करत बघत होता.

"घरात आधी कोण आलं? हा पिवळा?"

मी हो म्हटलं.

"मग नवा आल्यावर याचा पिंजरा हलवलात?"

मी सांगितलं, खिडकीतनं काढून कोठीपाशी ठेवला. तिनं विचारलं, सकाळी पहिल्यांदा कुणाशी बोलता, खायला आधी कुणाला घालता, पिंजऱ्यातनं आधी कुणाला सोडता. सगळ्याला माझं उत्तर एकच, साहेबांना. तिनं विचारलं, का? मला प्रश्नच कळेना. का म्हणजे काय? पाहुण्याला आधी वाढायचं नाही तर कुणाला?

"तो किती दिवस राहणार आहे?"

मी आक्कांकडं बघितलं. आक्का साहेबांच्या पिंजऱ्याकडं बघत होत्या.

"तो राहायलाच आलाय," मी म्हटलं.

"मग तो पाहुणा कसला?" डॉक्टरीण हात पुसत म्हणाली. "पाहुण्यासारखं ठेवताय, म्हणून जुन्याला वाटतं हा माझं घर घेणार. आणि नव्याला तरी कुठं कळतंय आपण कुठं बसायचं ते? जुन्याला त्याची जागा परत द्या. हाक आधी त्याला, फोड आधी त्याला, बाहेर आधी तो. आणि त्याला पहिली फोड नव्याच्या मालकिणीनं द्यायची. म्हणजे नवी माणसं आली की आपलं काही जात नाही, हे त्याला कळेल. औषध काही नाही."

येताना रिक्षात मी आतून धुमसत होते. आक्कांच्या हातनं माझ्या पोपटाला पहिली फोड. बघूच म्हटलं.

ह्यांना सांगितल्यावर हे म्हणाले, पोपटाला कसला आलाय मानपान. पण आक्का म्हणाल्या, सुकुमार, रविवारपर्यंत करून बघू. आक्कांनी म्हटल्यावर ह्यांचं काय चालणार.

पिंजरा खिडकीत परत गेला. साहेबांचा बाजूच्या भिंतीला, हाताच्या अंतरावर, मुद्दाम थोडा खाली. सकाळी आक्का उठल्या, सोप्यात आल्या, सवयीनं साहेबांकडं वळल्या आणि थांबल्या. मग हळकुंडापाशी जाऊन म्हणाल्या, "उठलास का रे?" हळकुंडानं चोच वासून हल्ला केला. आक्कांनी बोट मागं घेतलं, पेरूची फोड सळीत अडकवली आणि बाजूला झाल्या. हळकुंडानं ती खाली पाडली. मला बरं वाटलं. माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही माझा, असं वाटून बरं वाटलं. पण साहेब सळ्यांना तोंड लावून आक्कांकडं बघत उभे होते आणि आक्का त्यांच्याकडं पाठ करून उभ्या होत्या, ते बघवत नव्हतं. त्यांचे खांदे हलत होते. "आमचे हे गेल्यापासनं मी एकदासुद्धा साहेबांना मागं ठेवलं नाही गं," त्या म्हणाल्या. मग साहेबांना फोड मी दिली. त्यांनी माझ्या हातनं मुकाट्यानं घेतली.

असेच दिवस गेले. हळकुंड फोड पाडायचा, आक्का उचलून पुन्हा लावायच्या. बाई चिकाटीची. शुक्रवारी त्यानं फोड पाडली नाही, खाल्ली. शनिवारी मी धुणं वाळत घालून आत आले तर पिंजऱ्याचं दार उघडं, आक्का खिडकीशी उभ्या, आणि माझा हळकुंड त्यांच्या खांद्यावर. कानामागचे पांढरे केस चोचीनं विंचरत होता. तसे केस तो फक्त माझे विंचरायचा.

अंगाची लाहीलाही झाली. रिकामी बादली तशीच खाली टाकून मी म्हटलं, "आक्का, त्याला इकडं द्या. तो माझा आहे."

"अगं, आपणहून आला."

"खोली घेतली, खिडकी घेतली, आता एवढा पोपट तरी माझ्याकडं राहू द्या."

बोलले आणि बोलून झालं. आक्कांनी हळूच हात खांद्याशी नेला, हळकुंड बोटावर चढला, तो हात त्यांनी माझ्यापुढं धरला. हळकुंड माझ्या मनगटावर आला. मग त्या म्हणाल्या, "मी काही मागितलं होतं का गं यातलं? जे पुढ्यात ठेवलं त्याला नाही म्हणायचं नाही, एवढंच मला येतं. परक्याच्या घरी आणखी काय करतात?"

"हे परकं घर आहे का?"

"तूच सांग," आक्का म्हणाल्या आणि साहेबांचं पाणी बदलायला गेल्या.

त्या संध्याकाळी दोघं जेवायला बसले. मी भाकऱ्या थापत राहिले. आक्कांनी दोनदा वळून खिडकीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग भिंतीवर चढत जाणाऱ्या उन्हाकडं. मला वाटलं, साहेबांची काळजी करतायत. ऊन गेलं, मी ताट झाकलं. आक्कांचा घास हातातच राहिला होता, तो त्यांनी ताटात परत ठेवला आणि उठल्या.

रविवारी चारच्या सुमाराला भूपाल आला. बरोबर पुठ्ठ्याचं खोकं, वर भोकं पाडलेली, आत गवत घातलेलं. बिचाऱ्यानं काळजीनं केलं होतं सगळं. चहा ठेवताना साखर दोनदा घातली. हे म्हणाले, आता शेवटचं एकदा बघू. दोघांना एकाच दांडीवर सोडा. नाही जमलं तर मला पुन्हा विचारू नका.

कपडे वाळत घालायची जुनी लाकडी दांडी आम्ही दोन खुर्च्यांवर आडवी ठेवली. आधी हळकुंडाला सोडलं. मग साहेबांना दुसऱ्या टोकाला. साहेब दुखरा पाय पोटाशी घेऊन बसले. हळकुंडानं मान खाली घातली, पिसं फुगवली आणि एकेक पाऊल सरकत साहेबांकडं निघाला. मी ह्यांच्याकडं बघितलंच नाही. भूपालनं खोक्याचं झाकण उघडलं.

आक्का पेरूच्या दोन फोडी घेऊन पुढं झाल्या. साहेब ओळखीचा हात बघून चिवचिवले. आक्कांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. वाकून हळकुंडापुढं फोड धरली.

"आधी तू," त्या म्हणाल्या. "हे घर तुझं."

हळकुंड थांबला. एकदा साहेबांकडं बघितलं, एकदा फोडीकडं. मग पिसं बसवली, एका पायात फोड धरली आणि खायला लागला. मी साहेबांना दुसरी फोड दिली. दोघं एकाच दांडीवर, मध्ये हातभर जागा ठेवून, बिया खाली सांडत खात बसले. खाऊन झाल्यावर हळकुंडानं चोच दांडीला पुसली आणि डोळे मिटले. साहेबांना एवढंसुद्धा केलं नाही.

भूपाल म्हणाला, म्हणजे माझी फेरी फुकटच की. हे हसले. म्हणाले, पोपटालासुद्धा मानपान असतो म्हणायचा. भूपाल रिकामं खोकं घेऊन गेला, आणि मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून घेतलं, डोळे लाल दिसायला नकोत म्हणून.

या सगळ्यात जेवणाला उशीर झाला. मुगाची आमटी होती, दोडका होता, शेंगाची चटणी होती, भाकऱ्यांचं पीठ मळायचं होतं. मी घाईघाईनं एक भाकरी तव्यावर टाकली, पाट मांडले, दोन ताटं घेतली. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून पार वर गेलं होतं. हे येऊन बसले आणि म्हणाले, आक्का, ये, गरम आहे तोवर.

आक्का आल्या, पण बसल्या नाहीत. मी भाकरी उतरवली तशी त्यांनी ती माझ्या हातातनं घेतली, त्यांच्यासाठी वाढलेल्या ताटात घातली आणि ते ताट माझ्या पाटापुढं ठेवलं.

"बस."

मला कळेना. म्हटलं, आक्का, ते तुमचं ताट. आधी तुम्ही.

"डॉक्टरीण काय म्हणाली ते ऐकलं नाहीस?"

"अहो, ते पोपटांचं होतं."

"मी चार दिवसांची पाहुणी आहे का गं?"

हे घास घ्यायचे थांबले. आक्का माझ्याकडं बघत होत्या आणि मी त्यांच्याकडं. तव्यावर काही नव्हतं, तो नुसता तापत होता.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही राहायला आलाय."

"मग बस आधी. ऊन जातंय."

मी बसले. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, हातातोंडाला पीठ लागलेलं, वाढलेल्या ताटावर. लग्न होऊन आल्यापासून त्या चुलीवरची पहिली भाकरी माझ्या वाट्याला आलेली नव्हती. आक्कांनी पदर खोचला आणि भाकरी थापायला घेतली. हात अजून चांगला होता त्यांचा, गोल आणि पातळ. एक ह्यांना वाढली, मग एक मला, पुन्हा एक मला. म्हणाल्या, बरेच दिवस राहिलंय तुझं. ह्यांनी विचारलं, काय राहिलंय? आक्का म्हणाल्या, तू जेव. आणि मग एवढंच म्हणाल्या, सुकुमार, संध्याकाळी ही जेवत नाही, कधी बघितलंस का तू? ह्यांची मान खाली गेली ती ताट संपेपर्यंत वर आली नाही.

आमटीचा शेवटचा घोट घेतला तेव्हा खिडकीत थोडं ऊन होतं. मी धावतपळत उठले, हात धुतले, आक्कांना पाटावर बसवलं, भाकरी वाढली, वाटी भरली. त्यांनी नवकार मंत्र म्हणून भाकरीचा तुकडा मोडला आणि खिडकीकडं बघितलं. ऊन गेलं होतं.

त्यांनी तुकडा परत ताटात ठेवला, वर दुसरं ताट पालथं घातलं आणि माझ्याकडं बघून हसल्या.

"आता झाले बघ मी या घरची," आक्का म्हणाल्या.